दरवर्षी गॅस सोडणारा स्प्लिट एसी: तांब्याच्या नळीऐवजी लवचीक होज हा उपाय का नाही

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. भाड्याच्या घरात बसवलेला दीड टनाचा स्प्लिट एसी पहिल्या उन्हाळ्यात उत्तम चालतो, दुसऱ्या उन्हाळ्यात थंडावा कमी पडू लागतो, मेकॅनिक येतो, ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगून गॅस भरून जातो, आणि पुढच्या वर्षी मार्च संपता संपता तीच तक्रार पुन्हा उभी राहते. मधल्या काळात घर बदलले असेल, तर तांब्याच्या नळ्या उतरवून, उलगडून, पुन्हा सरळ करून नव्या भिंतीवर चढवलेल्या असतात आणि एखाद्या कोपऱ्यात त्या चिमटलेल्याही असतात. अशा वेळी अनेकांना वाटते की, गाडीच्या एसीला रबरी होज चालते, गॅस भरण्याच्या लाल, निळ्या आणि पिवळ्या होजवर तर ८०० पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंड) असा दाब छापलेलाच असतो, मग घरच्या एसीला तांब्याऐवजी तशीच लवचीक होज कायमची लावली तर काय बिघडेल?

प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याचा त्रासही खरा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देणे आवश्यक वाटते. गॅस तांब्याच्या ताठपणामुळे जात नाही. तो बहुतांश वेळा जोडांतून जातो. होज लावल्याने जोडांची संख्या वाढते आणि त्यात भर म्हणून नळीच्या भिंतीतूनही गॅस झिरपू लागतो, म्हणजे ज्या त्रासावर उपाय म्हणून ती लावली तोच त्रास कायमचा होतो.

गॅस खरोखर गेला आहे का?

एसीमधील गॅस वापरून संपणारी वस्तू नाही. तो बंद चक्रात फिरतो आणि कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरला पाहिजे. त्यामुळे ‘दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो’ हे विधान कोणी केले, तर ते मान्य करू नये. थंडावा कमी होण्याची इतर कारणेही पुष्कळ असतात: इनडोअर युनिटची जाळी धुळीने भरणे, आउटडोअर युनिटच्या कॉइलवर कापूस, धूळ आणि कबुतरांची पिसे साचणे, कॅपॅसिटर कमजोर होणे, किंवा आउटडोअर युनिट बंदिस्त बाल्कनीत असल्यामुळे स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणे. ही कारणे आधी तपासून बाजूला काढावीत, कारण त्यांतल्या कोणत्याही कारणासाठी नळ्या उघडण्याची गरज नसते.

गॅस खरोखर कमी असेल, तर खुणा वेगळ्या दिसतात. एसी चालू असताना आउटडोअर युनिटजवळच्या बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर पांढरे बर्फ धरते. इनडोअर कॉइलचा थोडाच भाग गोठतो आणि उरलेला कोरडा राहतो. एकाच वेगाने चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या एसीत विजेचा प्रवाह नेमप्लेटवरील आकड्यापेक्षा बराच कमी दिसतो. खोलीतून आत जाणारी हवा आणि एसीतून बाहेर येणारी हवा यांच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असायला हवा, तोही मिळत नाही. सर्वांत बोलकी खूण म्हणजे नटाभोवतीचा तेलकट, धूळ धरलेला डाग. कॉम्प्रेसरचे, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचे, तेल गॅसबरोबर फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस निघतो तिथे थोडे तेलही बाहेर येते.

गळती कधी आणि कुठे शोधावी

या ठिकाणी एक बाब नीट समजून घेतली, तर निम्मे काम होते. घरगुती स्प्लिट एसीमध्ये गॅसचा दाब उतरवणारा भाग, म्हणजे कॅपिलरी ही बारीक नळी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, बहुधा आउटडोअर युनिटमध्येच असतो. म्हणून थंडाव्याच्या वेळी भिंतीवरून जाणाऱ्या दोन्ही नळ्यांत कमी दाबाच्या बाजूचाच गॅस असतो, आणि म्हणूनच दोन्ही नळ्यांवर काळे फोमचे आवरण लागते. आर-३२ गॅसच्या (आर-पुढचा आकडा गॅसचा प्रकार सांगतो) एसीमध्ये हा दाब चालू असताना साधारण १२० ते १५० पीएसआय असतो. एसी बंद केला की दोन्ही बाजूंचे दाब समान होतात, आणि यंत्रात द्रवरूप गॅस शिल्लक असेल तर तो दाब केवळ भोवतालच्या तापमानावर ठरतो. ४० अंश सेल्सिअसला आर-३२ चा हा दाब सुमारे ३४५ पीएसआय होतो. म्हणजे विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी, घरात कोणी नसताना आणि एसी बंद असताना, या नळ्यांवर चालू स्थितीच्या दुपटीहून अधिक दाब असतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. साबणाच्या फेसाने गळती तपासायची असेल, तर ती एसी बंद ठेवून, दुपारच्या उन्हात तपासावी. सकाळी थंड वेळी, एसी चालू ठेवून फेस लावला आणि बुडबुडा दिसला नाही, तर त्यावरून नट चांगला आहे असे म्हणता येत नाही. आणि दुसरी गोष्ट, होजवर येणारा दाब चालू एसीच्या गेजवर, म्हणजे दाबमापकावर, पाहून ठरवू नये.

तपासण्याची ठिकाणे मोजकी आहेत. दोन नळ्यांची दोन-दोन टोके मिळून चार फ्लेअर नट, म्हणजे नळीचे शंकूसारखे पसरवलेले तोंड (फ्लेअर) दाबून धरणारे नट, असतात; त्यांपैकी इनडोअर युनिटच्या मागचे दोन फोमखाली झाकलेले असल्यामुळे अनेकदा तपासलेच जात नाहीत. त्यानंतर आउटडोअर युनिटच्या व्हॉल्व्हवरची टोपणे आणि गॅस भरण्याच्या पोर्टमधली पिन पाहावी. ही पिन माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. प्रत्येक वेळी गॅस भरताना ती दाबली जाते, तिच्या रबरात कचरा अडकतो आणि वरचे पितळी टोपण हरवले असेल किंवा सैल असेल, तर तिथून सावकाश गॅस जात राहतो. गॅस भरण्याच्या कृतीनेच पुढच्या गळतीची सोय होते, असे अनेक घरांत घडते. पिन बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो.

पितळी नटाला लांबीच्या दिशेने केसासारखा तडा गेला आहे का, तेही पाहावे. मुंबई-ठाण्याच्या जुन्या इमारतींत आउटडोअर युनिट अनेकदा संडास-न्हाणीच्या पाइपांच्या डक्टमध्ये टांगलेले असते. ओलावा आणि अमोनियाच्या वाफा एकत्र आल्या, की ताणाखाली असलेल्या पितळाला तडे जातात, हे धातूशास्त्राला जुने ठाऊक आहे, आणि गरजेपेक्षा जास्त आवळलेला नट आधी तडकतो. खाडी किंवा उघड्या नाल्यालगतच्या घरांत हायड्रोजन सल्फाइडमुळे इनडोअर कॉइलचे तांबे काळवंडून तिला सूक्ष्म छिद्रे पडू शकतात. तसे असेल तर नळी बदलून काहीच साधत नाही, कॉइलच दुरुस्त करावी किंवा बदलावी लागते.

होज का चालत नाही

गाडीचे उदाहरण नेहमी दिले जाते, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनला बांधलेला असतो आणि पट्ट्याने फिरतो. इंजिन रबरी माउंटवर हलत असते, तर कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) गाडीच्या सांगाड्याला पक्का असतो. या दोहोंमधील हालचाल सोसण्यासाठी तेवढ्या भागापुरती होज घातलेली असते आणि बाकीच्या नळ्या बहुधा ॲल्युमिनियमच्याच असतात. ती होजही साधी रबरी नसते, तिच्यात नायलॉनचा एक अडथळा थर असतो. पूर्वीच्या आर-१२ गॅससाठी चालणारी होज आर-१३४ए आल्यावर अपुरी ठरली, म्हणून १९९० च्या दशकात हा थर सर्वत्र आला. तरीही गाडीच्या एसीतून थोडा गॅस झिरपत राहतो, हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते.

मुख्य फरक दाबाचा आहे. ४० अंशांना आर-१३४ए चा दाब सुमारे १३३ पीएसआय, आर-२२ चा सुमारे २०८ पीएसआय आणि आर-३२ चा, वर सांगितल्याप्रमाणे, सुमारे ३४५ पीएसआय असतो. आर-४१०ए जवळपास आर-३२ इतकाच दाब देतो, कारण त्यात वजनाने निम्मा आर-३२ च असतो. गाडीची होज घरच्या एसीला लावणे म्हणजे तिला अडीच पटींहून अधिक दाबावर उभे करणे होय. झिरपण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो, आणि आर-३२ चा रेणू आर-१३४ए च्या रेणूपेक्षा लहान असल्यामुळे तो अधिकच वाढतो.

आता गॅस भरण्याच्या होजविषयी. तिच्यावरचा ८०० पीएसआयचा आकडा ती फुटणार नाही याविषयीचा आहे, तिच्यातून गॅस झिरपणार नाही याविषयीचा नाही. ती तासाभराच्या कामासाठी बनवलेली असते, तिच्या टोकांना बोटांनी आवळायचे नट आणि रबरी वॉशर असतात, आणि ती गच्चीवरच्या उन्हात वर्षानुवर्षे राहावी अशी अपेक्षा कोणी ठेवलेली नसते. शिवाय तिचे आतील छिद्र सुमारे ५ मिलिमीटरचे असते. दीड टनाच्या एसीची जाड नळी पुष्कळदा अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर बाह्य व्यासाची असते. तिची भिंत ०.८ मिलिमीटर धरली तर आतला व्यास ११.१ मिलिमीटर येतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला, तर होजमधून गॅसला जाण्याची वाट तांब्याच्या जेमतेम एक पंचमांश उरते. इतक्या अरुंद वाटेने कॉम्प्रेसरला पुरेसा थंड गॅस परत मिळत नाही, तो तापतो, आणि खोलीत थंडावाही येत नाही. अशा जोडणीनंतर लोक पुन्हा ‘गॅस कमी आहे’ असे समजून जास्त गॅस भरतात, त्याने दोष आणखी झाकला जातो.

जाड छिद्राची हायड्रॉलिक होज घेतली तर ही एक अडचण सुटते, पण झिरपणे सुटत नाही. आणि झिरपणे दोन्ही दिशांनी होते: गॅस बाहेर जातो आणि हवेतला ओलावा आत येतो. नळीतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कितीही जास्त असला, तरी ओलावा आत येतोच, कारण प्रत्येक वायू स्वतःच्या आंशिक दाबानुसार सरकतो आणि आतील कोरड्या गॅसमध्ये पाण्याच्या वाफेचा दाब जवळजवळ शून्य असतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दमट हवेत हे अधिक जाचक ठरते. आर-३२ आणि आर-४१०ए च्या यंत्रांत बहुधा पॉलिओलएस्टर प्रकारचे तेल असते. ते ओलावा झपाट्याने शोषते, आणि पाणी व उष्णता मिळाली की त्याचे आम्लात विघटन होऊ लागते. ते आम्ल कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगवरील, म्हणजे मोटरच्या तारांच्या गुंडाळीवरील, इन्सुलेशन खाते. म्हणजे होजमुळे आधी गॅस जातो आणि मग कॉम्प्रेसर जातो; तांब्याच्या नळीत जे पैसे वाचले असे वाटते, त्याच्या कितीतरी पट खर्च पुढे येतो.

जोडांचा हिशेबही साधा आहे. तांब्याच्या एका नळीला दोन फ्लेअर जोड असतात. होजला प्रत्येक टोकाला फ्लेअरचा जोड आणि शिवाय होज व फिटिंग यांच्यामधील दाबून बसवलेला जोड, असे चार होतात. दोन्ही नळ्या धरल्या तर चाराचे आठ. तो दाबलेला जोडही योग्य यंत्रावर केलेला असावा लागतो. रेडिएटरच्या होजला लावतात तसली स्क्रूची क्लिप लावून ३४५ पीएसआय रोखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. होज निसटली तर द्रवरूप गॅस उणे ५० अंशांच्या आसपास उकळत बाहेर येतो. त्याने हातांना आणि डोळ्यांना गंभीर इजा होते. आर-३२ मंद ज्वलनशील आहे, आणि काही घरगुती एसींत वापरला जाणारा आर-२९०, म्हणजेच प्रोपेन, तर पूर्ण ज्वलनशील आहे. छोट्या बंद शयनगृहात असा गॅस सोडण्याचा धोका पत्करण्याजोगा नाही. उंदीर आणि खारी रबर कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे.

लवचीक नळीला यंत्रशास्त्रात कोठेच जागा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मोठ्या शीतगृहांच्या यंत्रांत कॉम्प्रेसरजवळ स्टेनलेस स्टीलची घडीदार, वरून तारांची वीण असलेली आखूड नळी कंपने शोषण्यासाठी बसवतात. ती धातूची असल्यामुळे झिरपत नाही. युरोपात कारखान्यातच गॅस भरून, सील करून दिलेले लवचीक जोडणीचे सुटे स्प्लिट एसी मिळतात. ते यंत्र त्या नळीसह एकत्र आखलेले आणि तपासलेले असते, बाजारातून होज आणून जोडण्याचा प्रकार तो नव्हे. घरच्या एसीत लवचीक नळी निर्धोकपणे वापरता येते ती पाण्याच्या निचऱ्याला, आणि तिथेही ती मधे लोंबकळू देऊ नये.

मग लवचीकता हवी असेल तर काय करावे

लवचीकता तांब्यातच आहे, ती योग्य रीतीने वापरली पाहिजे. एसीसाठी मिळणारी तांब्याची नळी तापवून मऊ केलेली असते. आउटडोअर युनिटच्या मागे २० ते ३० सेंटिमीटर व्यासाचा एक मोकळा वळसा ठेवला, की कॉम्प्रेसरची कंपने तो वळसा सोसतो आणि नटापर्यंत पोचू देत नाही. जास्तीची लांबी गुंडाळायची असेल, तर ती वेटोळी आडवी ठेवावीत. उभ्या वेटोळ्यांच्या तळाशी तेल साचते. युनिटखाली रबरी पॅड असावेत, आणि नळी स्टँडच्या पत्र्याला किंवा दुसऱ्या नळीला घासू नये. वाकवताना स्प्रिंग बेंडर वापरावा आणि अर्ध्या इंचाच्या नळीला १० सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नये.

घर बदलताना मात्र एक मर्यादा मान्य करावी लागते. तांबे प्रत्येक वाकवण्याबरोबर कडक होत जाते, आणि कडक झालेल्या नळीचे फ्लेअर करताना तोंडाला बारीक चिरा पडतात. म्हणून दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा हलवलेली, चिमटलेली नळी पुन्हा बसवण्यापेक्षा नवी घ्यावी. घेताना भिंतीची जाडी विचारावी. इथे गेज हे जाडीचे माप आहे; त्याचा आकडा जितका मोठा, तितकी नळी पातळ असते: २० गेजची भिंत सुमारे ०.९ मिलिमीटर, तर २२ गेजची सुमारे ०.७ मिलिमीटर असते. आर-३२ साठी ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ नळी मी घेऊ देणार नाही.

फ्लेअर हाच या दुखण्याचा गाभा आहे, म्हणून त्या कामाच्या वेळी मालकाने स्वतः उभे राहावे. जुने फ्लेअर कापून टाकून नवे करावे. आर-३२ च्या अनेक पुस्तिकांत घरातील फ्लेअर जोड पुन्हा वापरताना तो नव्याने बनवण्याची स्पष्ट सूचना असते. नळी हॅक्सॉने न कापता पाइप कटरने कापावी, तोंड खाली धरून आतली धार काढावी म्हणजे तांब्याचा चुरा आत पडत नाही, आणि नट आधी नळीत ओवावा. फ्लेअरचा शंकू गुळगुळीत, सर्व बाजूंनी सारखा आणि चिरांशिवाय असावा. त्याच्या पृष्ठभागावर एसीच्या तेलाचा एक थेंब लावून नट आधी हाताने पूर्ण फिरवावा, मग दोन पाने (स्पॅनर) लावून आवळावा. टॉर्क पाना असेल तर पाव इंचाच्या नळीला १४ ते १८, तीन अष्टमांश इंचाला ३३ ते ४२ आणि अर्ध्या इंचाला ५० ते ६० न्यूटन-मीटर ही मर्यादा बहुतेक यंत्रांना लागू पडते. आट्यांवर पांढरी टेप किंवा एम-सील लावू नये. या जोडात गॅस आटे अडवत नाहीत, एकमेकांवर दाबलेले दोन शंकू अडवतात. टेपमुळे ते नीट बसत नाहीत.

जोडणीनंतर कोरड्या नायट्रोजनने दाब तपासावा. ऑक्सिजन चुकूनही वापरू नये, कारण तेलाशी त्याचा संबंध आला की स्फोट होतो. दाब टप्प्याटप्प्याने ३५० ते ४०० पीएसआयपर्यंत न्यावा, नेमप्लेटवरील मर्यादेच्या पुढे नेऊ नये, आणि शक्य असेल तर रात्रभर ठेवावा. दुपारी ३०० पीएसआय दाखवणारा गेज पहाटे हवा १० अंशांनी उतरल्यावर सुमारे २९० दाखवेल. ती गळती नव्हे, तापमानाचा परिणाम आहे. त्याहून जास्त उतरला, तर पुन्हा फेस लावावा.

त्यानंतर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे आत उरलेल्या दाबाचे माप आहे) निर्वात करावे आणि पंप बंद केल्यावर तो आकडा टिकतो का ते पाहावे. थोडा गॅस सोडून नळीतली हवा ‘बाहेर ढकलण्याची’ पद्धत अजून सर्रास दिसते. तिने ओलावा निघत नाही आणि ज्वलनशील गॅस खोलीत सुटतो. शेवटी गॅस गेजच्या अंदाजाने न भरता नेमप्लेटवरील वजनाइतका, वजनकाट्यावर मोजून भरावा, आणि नळी ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर पुस्तिकेत दिलेले दर मीटरचे ग्रॅम त्यात मिळवावेत.

ज्यांनी होज आधीच बसवली आहे त्यांच्यासाठी

असा एसी थंडावा देत असला, तरी तो उन्हाळा संपेपर्यंत तसाच चालवू नये, कारण ओलावा रोज आत येत असतो. होज काढण्यासाठी नेहमीप्रमाणे पंप डाउन करून गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढण्याचा मोह होईल, पण होज किंवा तिचा जोड गळत असल्याचा संशय असेल तर ते करू नये. पंप डाउनच्या शेवटी नळीतला दाब हवेच्या दाबाखाली जातो, गळक्या जोडातून हवा आत ओढली जाते, आणि हवा, तेल व गॅस यांचे मिश्रण कॉम्प्रेसरमध्ये दाबले गेले की तो फुटू शकतो. गॅस रिकव्हरी यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा, ज्याच्याकडे ते यंत्र आहे अशाच तंत्रज्ञाला बोलवावे, आणि त्या वेळी थोडे तेल कागदावर घेऊन पाहावे. ते स्वच्छ असेल, तर नव्या तांब्याच्या नळ्या, नवी फ्लेअर, नायट्रोजन आणि दीर्घ व्हॅक्यूम एवढ्यावर काम भागते. तेल काळपट असेल किंवा त्याला जळका, आंबट वास येत असेल, तर यंत्र नायट्रोजनने धुऊन, नवा फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा टिपणारा भाग) बसवून आणि कॅपिलरीची जाळी तपासूनच नवा गॅस भरावा.